जुनी होत चाललेली जपानी मोटार आणि 'क्लासिक' मूल्याचा प्रश्न : माझदा आरएक्स-८ च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

वस्तू वापरली की तिची किंमत उतरते, हा बाजाराचा सर्वपरिचित नियम आहे. मोटारीच्या बाबतीत तर हा नियम अधिकच कठोरपणे लागू पडतो. विक्रेत्याच्या दारातून बाहेर पडल्याबरोबर तिचे मूल्य घसरू लागते आणि पंधरा-वीस वर्षांत ती भंगाराच्या भावापर्यंत येऊन पोहोचते. तथापि काही थोड्या मोटारी या उताराच्या तळाशी पोहोचल्यावर पुन्हा वर चढू लागतात. त्यांना 'क्लासिक' म्हटले जाते, त्यांचे लिलाव होतात, त्यांच्यावर ग्रंथ लिहिले जातात. युरोपीय व अमेरिकन मोटारींच्या संदर्भात ही प्रक्रिया जुनीच आहे; जपानी मोटारींच्या बाबतीत मात्र ती प्रामुख्याने एकविसाव्या शतकात दिसू लागली. टोयोटाने १९६७ ते १९७० या काळात जेमतेम साडेतीनशेच्या घरात निर्माण केलेल्या २०००जीटी या मोटारीला २०१३ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात दहा लाख डॉलर्सहून अधिक किंमत आली. १९७१ सालच्या एका डॅटसन २४०झेडला जानेवारी २०२० मध्ये ३ लाख १० हजार डॉलर्स मिळाले. आणि २४०झेड ही तर एकेकाळी सामान्य पगारदाराला परवडावी म्हणून बाजारात आणलेली मोटार होती.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत लेखात माझदा कंपनीच्या आरएक्स-८ या मोटारीचा विचार केला आहे. २००३ ते २०१२ या काळात सुमारे १ लाख ९२ हजारांच्या संख्येने तयार झालेली ही मोटार आज अशा वयात आहे की, ती जतन करावी की मोडीत काढावी, हा प्रश्न तिच्या प्रत्येक मालकासमोर उभा आहे. महाराष्ट्रातील वाचकाला 'माझदा' हे नाव परिचित आहे ते 'स्वराज माझदा' या मालवाहू गाड्यांमुळे आणि शाळेच्या बसमुळे. त्याच नावामागे हिरोशिमा शहरातील एका कारखान्याने अर्धशतकाहून अधिक काळ जपलेला एक तांत्रिक हट्ट आहे, याची कल्पना त्या बसवरून येत नाही.

भंगारातून वारशाकडे

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मायकेल थॉम्प्सन यांनी १९७९ साली 'रबिश थिअरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मांडणीनुसार समाजात वस्तूंचे दोन उघड वर्ग असतात. ज्यांचे मूल्य काळानुसार घटत जाते आणि ज्यांचे आयुष्य मर्यादित मानले जाते, त्या 'अल्पजीवी' वस्तू. आणि ज्यांचे मूल्य काळानुसार वाढत जाते व ज्या चिरकाल टिकाव्यात अशी अपेक्षा असते, त्या 'चिरस्थायी' वस्तू. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा, झाकलेला वर्ग असतो, तो म्हणजे कचरा. त्याचे मूल्य शून्य असते आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. थॉम्प्सन यांचा महत्त्वाचा मुद्दा असा की, अल्पजीवी वस्तू थेट चिरस्थायी होत नाही. तिला आधी कचऱ्याच्या अवस्थेतून जावे लागते. तेथे ती कोणाच्या तरी दृष्टीस पडते, आणि ज्याच्या दृष्टीस पडते त्याच्याजवळ ती वर उचलण्याइतकी पत किंवा पैसा असावा लागतो. कॉव्हेन्ट्री येथे विणलेली रेशमी चित्रे आणि लंडनमधील इस्लिंग्टन भागातील पडकी घरे ही त्यांची उदाहरणे होती.

आपल्याकडेही या सिद्धान्ताला पुष्टी देणारे उदाहरण सहज आठवते. यामाहाच्या परवान्यावर १९८३ पासून भारतात तयार झालेली राजदूत ३५० ही मोटारसायकल पेट्रोल फार पिते म्हणून त्या काळी अनेकांनी टाळली. तिचे उत्पादन त्याच दशकाच्या अखेरीस थांबले आणि कित्येक गाड्या गॅरेजच्या मागच्या अंगणात गंजत पडल्या. आज सुस्थितीतील राजदूत ३५० चा मालक ती सहसा विकत नाही, आणि विकलीच तर मूळ किमतीच्या कितीतरी पटीने.

थॉम्प्सन यांच्या मांडणीतून एक गोष्ट मात्र निसटते. रेशमी चित्र पेटीच्या तळाशी पन्नास वर्षे पडून राहिले तरी फारसे बिघडत नाही. मोटार पडून राहिली तर तिचे रबर कडक होते, टाकीतील पेट्रोल नासते, लोखंड गंजते. म्हणजे मोटारीसाठी कचऱ्याची अवस्था हीच सर्वांत धोक्याची असते. आरएक्स-८ च्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर आहे, आणि त्याचे कारण तिच्या इंजिनात आहे.

हिरोशिमाचा हट्ट

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये खाली-वर होतो आणि ती हालचाल क्रँकशाफ्टमार्फत वर्तुळाकार गतीत बदलली जाते. जर्मन संशोधक फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतून आलेल्या रोटरी इंजिनात दट्ट्याच नसतो. कमरेशी किंचित आवळलेल्या लंबवर्तुळासारख्या पोकळीत, बाजू किंचित फुगीर असलेला एक त्रिकोणी रोटर फिरतो. त्याची तीनही टोके पोकळीच्या भिंतीला सतत घासत राहतात. त्यामुळे रोटरच्या तीन बाजूंना तीन कप्पे तयार होतात आणि रोटर फिरेल तसे त्यांचे आकारमान लहान-मोठे होते. इंधनमिश्रित हवा आत घेणे, ती दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे याच फिरण्यात होतात. झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मधल्या शाफ्टचे तीन फेरे होतात. परिणामी इंजिन लहान, हलके आणि जवळजवळ कंपनरहित बनते.

इतके सुटसुटीत यंत्र जगाने स्वीकारले का नाही? उत्तर त्रिकोणाच्या टोकांवर आहे. प्रत्येक टोकावर एक अरुंद पट्टी बसवलेली असते, तिला एपेक्स सील म्हणतात. एका कप्प्यातील वायू दुसऱ्यात जाऊ नये ही जबाबदारी या पट्टीची. ती झिजली, तडकली किंवा अडकली की इंजिनातील दाब नाहीसा होतो. जर्मनीतील एनएसयू कंपनीने १९६७ मध्ये रो ८० ही रोटरी इंजिनाची देखणी मोटार बाजारात आणली. तिला युरोपात गौरवही लाभला. परंतु हमीच्या मुदतीत निकामी झालेली इंजिने बदलून देता देता कंपनी खिळखिळी झाली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली विलीन झाली.

माझदाने, म्हणजे तेव्हाच्या तोयो कोग्यो कंपनीने, याच एनएसयूशी १९६१ मध्ये परवान्याचा करार अमलात आणला होता. त्या काळात जपानचे व्यापार व उद्योग खाते देशातील मोटार कंपन्यांचे मोजक्या मोठ्या गटांत एकत्रीकरण करू पाहत होते. हिरोशिमातील या मध्यम आकाराच्या कंपनीला आपले वेगळे अस्तित्व सिद्ध करणे भाग होते. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली ४७ अभियंत्यांचा गट नेमण्यात आला. जपानी दंतकथेतील ४७ सामुराईंच्या नावाने हा गट पुढे ओळखला गेला. चाचणीच्या इंजिनांत पोकळीच्या आतील भिंतीवर आडव्या लहरींसारखे चरे उमटत. अभियंते त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणापासून बनवलेल्या सीलमुळे हा प्रश्न आटोक्यात आला. मे १९६७ मध्ये दोन रोटरांची कॉस्मो स्पोर्ट विक्रीस आली.

यानंतरचा इतिहास चढउतारांचा आहे. १९७३ च्या तेलसंकटात जास्त इंधन पिणाऱ्या रोटरी मोटारींनी कंपनीला दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर नेले आणि सुमितोमो बँकेच्या मदतीने ती सावरली. १९७८ मध्ये आरएक्स-७ आली. १९९१ मध्ये चार रोटरांच्या ७८७बी या मोटारीने फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. हा मान मिळवणारी माझदा ही पहिली जपानी कंपनी. दुसऱ्या जपानी कंपनीला, टोयोटाला, त्यासाठी २०१८ पर्यंत थांबावे लागले. आरएक्स-८ कडे पाहताना ही सारी वंशावळ ध्यानात घ्यावी लागते, कारण क्लासिक मोटारीच्या बाजारात वंशावळीला मोल असते.

आरएक्स-८ : गुण आणि दोष

फोर्ड कंपनीचे माझदावर नियंत्रण असण्याच्या काळात आरएक्स-८ आकाराला आली. तिची पूर्वसुरी असलेली तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ ही निव्वळ वेगासाठी घडवलेली, दोन टर्बोचार्जर असलेली मोटार होती. आरएक्स-८ मध्ये चार प्रौढ माणसे खरोखरच बसू शकतात. मागचे दोन छोटे दरवाजे उलट्या दिशेने उघडतात आणि मध्ये खांब नसल्यामुळे, कपाट दोन्ही बाजूंनी उघडावे तशी गाडी उघडते. लहानसे इंजिन पुढच्या आसाच्या मागे आणि खाली बसवल्यामुळे पुढच्या व मागच्या चाकांवर वजन जवळपास समसमान विभागले जाते. वळणावर तिचा तोल कसा राहतो याची स्तुती तिच्या टीकाकारांनीही केली आहे.

'रेनेसिस' हे तिचे इंजिन ६५४ घन सेंटिमीटरच्या दोन कप्प्यांचे, म्हणजे एकूण १,३०८ घन सेंटिमीटरचे. त्यातून टर्बोशिवाय, जपानमधील वरच्या श्रेणीच्या गाडीत २५० अश्वशक्ती मिळत असे आणि शाफ्ट मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत नेता येई. यातील खरी नवलाई धूर बाहेर टाकण्याच्या मार्गात होती. जुन्या रोटरी इंजिनांत हा मार्ग पोकळीच्या परिघावर असे. त्यामुळे आत येणारे मिश्रण आणि बाहेर जाणारा धूर यांची काही क्षण सरमिसळ होई आणि न जळलेले इंधन वाया जाई. रेनेसिसमध्ये हा मार्ग बाजूच्या तबकडीत नेण्यात आला आणि ही सरमिसळ थांबली. या इंजिनाला २००३ चा 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा पुरस्कार मिळाला तो उगाच नव्हे.

परंतु ज्या बदलाने गौरव दिला त्यानेच नवे दुखणेही आणले. धुराचा मार्ग बाजूला गेल्यामुळे काजळी रोटरच्या बाजूच्या सीलजवळ साचू लागली. त्यातच रोटरी इंजिनाची मूळची सवय अशी की, सील ओले राहावेत म्हणून ते इंजिन ऑइलची थोडी मात्रा मुद्दाम ज्वलनकक्षात सोडते आणि जाळते. म्हणजे ऑइल कमी होणे हा येथे बिघाड नसून कामाचा भाग आहे. एरवीच्या जपानी मोटारीचे बॉनेट वर्षातून एकदा उघडणाऱ्या मालकाला हे ठाऊक नव्हते. पेट्रोल भरताना ऑइल पाहण्याचा रिवाज ज्यांनी पाळला नाही त्यांची इंजिने कोरडी पडली. थंड इंजिन सुरू करून गाडी अंगणातल्या अंगणात सरकवली आणि लगेच बंद केली, तरी आत पेट्रोल साचून ते पुन्हा सुरू होईनासे होई. दाब कमी झालेल्या इंजिनाची खूण अशी की, ते सकाळी सुरू होते आणि तापल्यावर हटून बसते. अमेरिकेत माझदाला मूळ इंजिनाची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. त्याआधी २००३ मध्येच, जाहीर केलेली शक्ती प्रत्यक्षात कमी भरल्याने तेथील खरेदीदारांकडून मोटार परत घेण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली होती. युरोपात प्रदूषणाचे नवे निकष पाळता न आल्याने २०१० मध्ये विक्री थांबली आणि जून २०१२ मध्ये उत्पादनही संपले.

येथे या मोटारीच्या भवितव्याचा आर्थिक गाभा सापडतो. इंजिन खोलून पुन्हा बांधण्याचा खर्च अनेकदा बाजारातील अख्ख्या गाडीच्या किमतीहून अधिक होतो. तिसरा किंवा चौथा मालक हा खर्च करत नाही. तो गाडी सुट्या भागांसाठी विकतो किंवा तिच्यात दुसरेच दट्ट्याचे इंजिन बसवतो. दोन्ही मार्गांनी मूळ स्वरूपातील एक आरएक्स-८ कमी होते.

इतर जपानी मोटारींचा अनुभव

निस्सान स्कायलाइन जीटी-आर ही मोटार आज क्लासिक म्हणून निर्विवाद मान्यता पावली आहे. तिच्या १९८९ च्या पिढीने जपानमधील 'ग्रुप ए' गटाच्या १९९० ते १९९३ या चार हंगामांतील सर्व २९ शर्यती जिंकल्या. पण किमतीच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरला तो अमेरिकेचा एक कायदा. तेथील सुरक्षा-मानकांनुसार न बनवलेली परदेशी मोटार २५ वर्षांची झाल्यावरच मोकळेपणाने आयात करता येते. स्कायलाइन अमेरिकेत कधीच अधिकृतपणे विकली गेली नव्हती. १९९७ पासून 'ग्रान तुरिस्मो' या व्हिडिओ खेळात ती चालवत मोठी झालेली पिढी कमावती झाली, आणि २०१४ मध्ये पहिल्या गाड्यांचे दार उघडले. इतकी वर्षे साठलेली इच्छा एकदम बाजारात उतरली.

टोयोटा सुप्राची गोष्ट वेगळी. १९९३ ची सुप्रा अमेरिकेत उघडपणे विकली जात होती आणि तेथे ती फारशी खपलीही नाही. पुढे चित्रपटाने तिला कीर्ती दिली. पहिल्या 'फास्ट अँड द फ्युरिअस' मध्ये वापरलेल्या सुप्राला २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलर्स मिळाले. मात्र केवळ चित्रपटाला श्रेय देणे एकांगी ठरेल. सुप्राचे तीन लिटरचे इंजिन मूळ शक्तीच्या कितीतरी अधिक शक्ती निमूटपणे सोसत असे. तरुण मालकांनी तिच्यावर वाटेल ते प्रयोग केले आणि ती टिकली. तिची ख्याती या दुसऱ्या-तिसऱ्या मालकांनी घडवली.

आरएक्स-८ ला यांपैकी काय लाभले? चित्रपट लाभले : २००३ च्या 'एक्स-मेन' मालिकेतील दुसऱ्या चित्रपटात आणि २००६ च्या 'टोकियो ड्रिफ्ट' मध्ये ती झळकली. पण 'टोकियो ड्रिफ्ट' पाहणाऱ्यांच्या स्मरणात राहिली ती आरएक्स-७. निषिद्ध फळाची ओढ तिला नाही, कारण ती अमेरिकेत हजारोंच्या संख्येने विकली गेली. दुर्मीळपणाही वरकरणी नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचा अनुभव तर सुप्राच्या नेमका उलटा. वाहनप्रेमींच्या गप्पांत आरएक्स-८ चे नाव निघाले की पहिला विनोद इंजिनावर होतो, आणि तो ऐकणाऱ्या तरुण खरेदीदाराचा हात आखडतो. बाजारात अशा विनोदांची किंमत मोजावी लागते.

संभाव्य मूल्य

तरीही ही मोटार कायमची भंगारातच राहील असे मानण्यास आधार नाही. उलट ज्या गोष्टी आज तिच्या विरोधात आहेत त्यांपैकी काही पुढे तिच्या बाजूने वळू शकतात. निर्मितीचा आकडा मोठा असला, तरी इंजिनाच्या दोषामुळे मूळ स्वरूपात उरलेल्या गाड्यांचा आकडा वेगाने लहान होत आहे. दुर्मीळपणा कारखान्यात निर्माण झाला नाही, तो भंगारवाल्याकडे निर्माण होत आहे. दुसरे असे की, तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ च्या किमती आता सामान्य उत्साही माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. रोटरी इंजिनाचा अनुभव हवा असणाऱ्याला तुलनेने स्वस्त असा हाच मार्ग उरतो. तिसरे कारण तांत्रिक इतिहासाशी निगडित आहे. रोटर थेट चाके फिरवतो अशी माझदाची ही आजवरची शेवटची प्रवासी मोटार आहे. २०२३ मध्ये रोटरी इंजिनाचे उत्पादन एमएक्स-३० च्या एका प्रकारासाठी पुन्हा सुरू झाले खरे. पण तेथे एकच रोटर असून त्याचे काम वीज निर्माण करण्यापुरते आहे. २०२४ मध्ये कंपनीने रोटरी इंजिनाच्या विकासासाठी स्वतंत्र गट पुन्हा स्थापन केला. त्यातून नवी क्रीडा-मोटार बाहेर पडली, तर आरएक्स-८ दोन पर्वांमधला दुवा ठरेल; न पडली, तर ती एका पर्वाची अखेर ठरेल. जतन करणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही शक्यता वाईट नाहीत.

तथापि हे मूल्य सर्व आरएक्स-८ गाड्यांना सारखे मिळेल असे समजणे चुकीचे होईल. २०११-१२ मध्ये केवळ जपानसाठी काढलेल्या 'स्पिरिट आर' या अखेरच्या आवृत्तीच्या २,००० गाड्यांना, विशेषतः हाताने गिअर बदलण्याच्या प्रकाराला, आधीच वेगळे स्थान आहे. २००८ नंतरच्या सुधारित गाड्यांत ऑइल पुरवण्याची व्यवस्था अधिक चांगली आहे, म्हणून त्या त्यांच्यामागोमाग येतील. सुरुवातीच्या वर्षांतील, फारशा न चाललेल्या आणि देखभालीची नोंद असलेल्या सहा गिअरच्या गाड्या तिसऱ्या क्रमांकावर. कमी शक्तीच्या स्वयंचलित गिअरच्या गाड्यांना मात्र संग्राहक लाभण्याची शक्यता कमीच दिसते. गाडी कितीही चकचकीत असली तरी जाणता खरेदीदार आधी दाबचाचणीचा कागद मागतो. साध्या दाबमापकाने हे काम होत नाही. प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगवेगळे आकडे देणारे खास उपकरण लागते आणि ते प्रत्येक गॅरेजमध्ये नसते.

किंमत वर चढण्यापूर्वी किती गाड्या उरतील, हे अखेरीस या उपकरणांवर, ते हाताळणाऱ्या मोजक्या कारागिरांवर आणि सुट्या भागांच्या पुरवठ्यावर ठरणार आहे. जुन्या मोटारींचे भाग पुन्हा तयार करण्याचे काम निस्सान, टोयोटा आणि माझदा या तिन्ही कंपन्यांनी अलीकडे हाती घेतले आहे. माझदाच्या यादीत आरएक्स-७ च्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचा समावेश आहे. आरएक्स-८ च्या मालकांना तूर्त दुसऱ्याच पुरवठ्यावर भिस्त ठेवावी लागते. एखादी गाडी मोडीत निघाली की तिचे रोटर आणि पोकळीची कवचे काढून घेतली जातात, भिंतीवर ओरखडे नाहीत ना हे उजेडात धरून पाहिले जाते, आणि चांगली निघालेली कवचे दुसऱ्या एखाद्या आरएक्स-८ मध्ये बसवली जातात.